चित्र स्वच्छ, पण खडा फुटेना

नागपूरचा पारा ४५च्या पुढे गेला की आमच्या लिथोट्रिप्सीच्या, म्हणजे बाहेरून शॉक (दाबलहरी) मारून किडनीतला खडा फोडण्याच्या खोलीबाहेरची बाकडी भरून जातात. अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी दाट होते आणि खडा धरतो. मे महिन्यातल्या त्या दिवशी काटोलकडचे एक संत्रा बागायतदार काका टेबलावर होते. उजव्या किडनीच्या तोंडाशी ११ मिमीचा खडा. एक्स-रेत काहीच नाही, सीटीत घनता ४६० हाउन्सफील्ड (सीटीतलं घनतेचं एकक), म्हणजे बहुधा युरिक ॲसिडचा. असा खडा एक्स-रेला दिसत नाही, त्यामुळे नेम धरायचा तो सोनोग्राफीवरच.

पडद्यावर पांढरा ठिपका आणि त्यामागे काळी सावली दिसली. किडनीतली चरबीही पांढरी दिसते, म्हणून कलर डॉपलर (सोनोग्राफीतलाच रंगीत प्रकार) लावून पाहिलं. ठिपक्यामागे रंगांची लुकलुक उठली, ती खड्याची खूण, खात्री पटली. आमचा सोनोग्राफीचा प्रोब शॉक हेडच्या, म्हणजे शॉक सोडणाऱ्या भागाच्या, मधोमध बसवलेला आहे. त्यामुळे पडद्यावर वाटेत बरगडी किंवा आतड्यातला गॅस दिसला, तर शॉकही तिथेच अडणार हे उघड असतं. हेड थोडं तिरकं करून मोकळी वाट काढली.

सुरुवात सगळ्यात कमी ताकदीवर, मिनिटाला ६० शॉक. घाई करून १२० केले तर खडा उलट कमी फुटतो. पहिल्या २०० नंतर तीन मिनिटं थांबलो. त्या वेळात किडनीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आत रक्तस्राव होण्याचा धोका कमी होतो. मग पायरीपायरीने ताकद वाढवली.

७०० शॉक झाले तरी ठिपका जसाच्या तसा. नेम बरोबर, चित्र स्वच्छ. तेवढ्यात काका म्हणाले, "आत काई वाटून नाई राह्यलं सायेब, वरतं कातडीलेच चटके लागून राह्यले."

हेड खाली घेतलं. हेडच्या तोंडावर अंगाला टेकणारी उशी असते, तिच्यावरच्या जेलमध्ये कडेकडेने बारीक बुडबुडे, साबणाच्या फेसासारखे. प्रोब मधला भाग पाहतो, शॉक मात्र हेडच्या पूर्ण रुंदीतून येऊन खड्यावर एकवटतो. म्हणून चित्र नितळ आणि मारा दुबळा! प्रयोगशाळेत मोजलेलं आहे: उशीच्या अवघ्या २ टक्के भागावर हवा असली तरी फोडण्याची क्षमता २० ते ४० टक्क्यांनी घटते. जेल हाताने सारवलं होतं, तिथेच चुकलं होतं.

सगळं पुसून काढलं. उशीच्या मधोमध जेलचा एकच मोठा ढीग ओतला, बाटलीचं तोंड ढिगातच बुडवून. मग उशी सावकाश अंगाला टेकवली, जेल आपोआप कडेपर्यंत पसरलं. हात लावायचा नाही.

आता शॉक लागू लागले, तसे काका खोल श्वास घेऊ लागले आणि खडा दीड-दोन सेंटीमीटर वरखाली होऊन नेमाबाहेर जाऊ लागला. भूलतज्ज्ञांनी वेदनाशामक वाढवलं, पोटाला पट्टा बांधला. श्वास उथळ झाला, ठिपका परत खुणेवर आला.

१,६०० च्या आसपास ठिपका पसरट झाला, सावली विरळ झाली. नवख्याला इथे खडा मोठा झाल्यासारखा वाटतो. खरं तर ते तुकडे पांगलेले असतात. २,५०० वर थांबलो. आधीचे ७०० त्यातच धरले, कारण नेमके किती वाया गेले हे कळत नाही आणि मार किडनीच सोसत असते.

घरी जाताना सांगितलं: दोन दिवस लघवी लालसर होईल, घाबरू नका. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी निघा. गाळणीतून लघवी करा. युरिक ॲसिडसाठी डॉक्टरांनी पोटॅशियम सायट्रेट दिलं, लघवीचा पीएच (आम्लतेचं माप) ६.२ ते ६.८ मध्ये राहावा म्हणून.

दोन आठवड्यांनी काकांनी काडेपेटीतून विटेच्या चुऱ्यासारखी रेती आणली. तपासणीत युरिक ॲसिडच निघालं. किडनीची सूज उतरली होती, खालच्या कप्प्यात ३ मिमीचा एक तुकडा उरला होता.

आमच्या खोलीत आता जेलची बाटली रात्रभर उलटी टांगलेली असते. हवा बुडाकडे चढते, सकाळी तोंडातून निर्मळ जेल येतं.