हाडाचं टोक आणि दात घासायचा ब्रश

उमरेडकडच्या उत्खननात त्या दिवशी बोटाएवढं हाडाचं टोक निघालं. चरातून तंबूत पोचेपर्यंत आमच्या सरांच्या लेखी त्याचा बाण झाला होता. हाडं मी पाहते, म्हणून ते माझ्याकडे आलं, पण धुऊन. एका उत्साही सहकाऱ्यानं दात घासायच्या ब्रशनं ते लख्ख केलं, वर बिनरंगी नेलपॉलिश लावून काळ्या शाईनं क्रमांकही टाकला. कुठे? नेमका टोकालगत. जाड बुडाकडे जागाच जागा होती.

हाडाच्या हत्याराचं काम आकारावरून ठरत नाही, झिजेवरून ठरतं. बाण आपटला की टोकाचा टवका उडतो. चामडं टोचताना हत्यार हातात फिरवतात. टोकाभोवती आडव्या रेघा येतात, कडा गोलावतात, चमक जेवढं आत शिरतं तेवढीच चढते. या रेघा केसाहून बारीक. दोनदा ब्रश फिरला की खेळ खलास. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, हाडांना वरखाली ढकलते आणि स्वतःच्या रेघा ओढून ठेवते. त्या मात्र कशाही धावतात, ओळखू येतात.

दातांचे डॉक्टर वापरतात त्या सिलिकॉनचा ठसा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. टोकावरच्या रेघा गेलेल्याच. क्रमांकाच्या पलीकडे थोड्या आडव्या रेघा वाचल्या होत्या. टवका कुठेच नाही.

चाळणीवरच्या मावशी म्हणाल्या, "बाण कायचा हो मॅडम, दाभण होय हा. आम्ही सोयाबीनचे बोरे शिवतो ना." त्या म्हणाल्या म्हणून दाभण होत नाही, सर म्हणाले म्हणून बाणही होत नाही. मावशींनी निदान कारण दिलं.

सरांचा मुद्दा असा, की थर लोहयुगाचा. नागपूर जिल्ह्यातच नायकुंडला त्या काळातली लोखंड गाळायची भट्टीच सापडली आहे, मग दाभण हाडाचा कशाला? अहो, मग बाण तरी हाडाचा कशाला? हाड गंजत नाही, फुकट मिळतं, आणि विणताना धागा न कापता बाजूला सारतं. फ्रान्समध्ये निअँडरथल या आदिमानवांचे सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीचे, बरगडीचे चामडं घोटायचे तुकडे मिळालेत; तसलं हाडाचं हत्यार चामड्याचे कारागीर आजही वापरतात.

सध्या बकऱ्याच्या नळीचे दोन टोचे घासून एकानं चामडं, दुसऱ्यानं अंबाडी टोचतेय. वाचलेल्या रेघा कुणाशी जुळतात ते पाहायचंय. अहवालात मात्र 'बाणाग्र' छापून जाणार, कारण चित्रकारानं दांड्यासकट चित्र काढून दिलंय.