अलिबागचा 'सी-टच' व्हिला: ॲडव्हान्स भरण्याआधी हे वाचा

मे महिन्यात अलिबागला जायचं ठरवत असाल आणि आवास, सासवणे, किहीम पट्ट्यातला मोठा व्हिला बघत असाल तर आधी एक काम करा. मालकाकडून व्हिलाचं लोकेशन पिन मागवा, मॅप सॅटेलाइटवर टाका आणि गेटपासून वाळूपर्यंत चालत जायची वाट आहे का ते बोटाने शोधा. सरळ रेषेत किती मीटर हे बघू नका, वाट बघा. कारण आम्हाला जो 'सी-टच, बीच दोन मिनिटांवर' म्हणून दिला त्याच्या कंपाउंडमागे सुरूची झाडं होती, त्याच्यामागे दुसऱ्या कोणाच्या तरी बंगल्याची दहा फुटी भिंत आणि त्या भिंतीपलीकडे समुद्र. आवाज येतो, वारा येतो, समुद्र काही दिसत नाही. बीचवर जायचं तर बाहेर डांबरी रस्त्याला येऊन वाडीतून वळसा, दीड किलोमीटर तरी सहज. सासूबाईंचे गुडघे दुखतात, नणंदेचा धाकटा चार वर्षांचा, म्हणजे दरवेळी गाडी काढा, तिकडे पार्किंग शोधा. विचारलं तर एजंट म्हणाला, "मॅडम, प्रॉपर्टी सी-साइडलाच आहे ना." या पट्ट्यात समुद्राला लागून असलेल्या जागांना मोठमोठी कंपाउंडं आहेत आणि त्यांच्यामधून खाली जाणारे रस्ते मोजकेच आहेत, त्यामुळे हे फक्त आमच्यासोबत झालंय असं मला वाटत नाही.

आता पैशाचं. भाडं 22,000 रात्रीला ठरलं होतं, सगळं इन्क्लूड म्हणून. निघायच्या दिवशी बॅगा गाडीत चढल्यावर केअरटेकरने वहीचा फाडलेला कागद हातात दिला. त्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं: जेवण माणशी 1,200 रोज (त्यात चार वर्षांचा पोरगाही फुल), जनरेटर डिझेल 3,000, किचन वापर 2,000, आणि डिपॉझिटमधून टॉवेलच्या डागाचे 1,500 कट. किचन वापर म्हणजे काय, तर आम्ही दूध गरम केलं आणि सकाळी चहा ठेवला! मी तिथेच उभी राहून एजंटला फोन लावला, त्याने उचलला नाही. केअरटेकरवर ओरडण्यात अर्थ नसतो, तो गावातला साधा माणूस, त्याला वरून सांगितलेलं असतं. पण मी अजूनही रागात आहे आणि म्हणूनच हे लिहितेय. व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: जेवणाचा रेट, लहान मुलांचा रेट, किचन, जनरेटर, टॅक्स धरून की वेगळा, डिपॉझिट कधी परत. फोनवर "हो हो सगळं आहे" याला काडीची किंमत नाही. आणि पोचल्या पोचल्या चादरी, टॉवेल, गाद्या, काचा सगळ्याचा व्हिडिओ काढून त्याच नंबरवर पाठवून द्या.

जनरेटरचं विचारायचंच. मे महिन्यात दुपारी लाइट गेले की इन्व्हर्टरवर पंखे चालतात, एसी नाही, आणि त्या दमट हवेत सहा माणसं एका हॉलमध्ये म्हणजे काय होतं ते वेगळं सांगायला नको. पाणीही विचारा, आमच्याकडे नळाला मचूळ पाणी होतं, प्यायचे जार वेगळे घ्यावे लागले.

माझं स्पष्ट मत: म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील आणि समुद्रच हवा असेल तर हा पॉश पट्टा सोडा. नागाव किंवा वरसोलीला घरगुती राहायची सोय बघा. तिथे वाडीतून निघालं की चालत वाळूवर, आणि घरच्या काकूंच्या हातचं सुरमईचं कालवण. स्विमिंग पूलसाठी जायचं असेल तर जा व्हिलात, पण मग बीचचे पैसे देऊ नका.

जायला गाडी असेल तर मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी बोट) घ्या, दुसरा विचारच करू नका. 2020 पासून सुरू आहे, तासाभरात गाडीसकट उतरता, आणि मांडव्याहून आवास, सासवणे अगदी जवळ. सुट्टीत गाडीची जागा लवकर भरते, परतीचं बुकिंग जातानाच करून टाका. आम्हाला परतीचं मिळालं नाही म्हणून रस्त्याने आलो आणि वडखळला जे अडकलो ते अडकलोच, पोरं रडून रडून झोपली. रविवारी दुपारी त्या रस्त्याला लागू नका, सकाळी सहाला निघा नाहीतर सोमवारी निघा.

अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला चुकवू नका पण भरती-ओहोटी बघून जा. घोडागाडीवाल्या काकांनी हिशोब सांगितला: तिथीला पाऊणने गुणायचं, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर साधारण तीनला भरती, मग नऊच्या आसपास ओहोटी. ढोबळ आहे, मोबाइलवरही बघून घ्या, पण जुळतो. पाणी उतरत असतानाच निघा म्हणजे किल्ल्यावर वेळ मिळतो, आणि पाणी फिरलं की गणपतीच्या देवळात रेंगाळू नका. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी पूर्ण हटतच नाही, चालत जायचा हट्ट धरू नका. घोडागाडीचे परतीसकट किती ते बसायच्या आधी ठरवा. आणि आतल्या गोड्या पाण्याच्या विहिरी मुलांना नक्की दाखवा, चारी बाजूंनी खारं पाणी असून मधे गोडं पाणी, आमच्या दोघांनी त्यावर इतके प्रश्न विचारले की घसा सुकला.

मुरूड-जंजिरा, रेवदंडा झालं, छान झालं, त्यावर भरपूर माहिती मिळेल. सासवण्याला करमरकर शिल्पालय मात्र उन्हाच्या वेळेला ठेवा. पुण्याचा 1928 सालचा अश्वारूढ शिवपुतळा ज्यांनी केला त्या नानासाहेब करमरकरांचं हे घर, अंगणात त्यांनी घडवलेली म्हैस बघून धाकटा तिला गवत द्यायला गेला. आम्ही गेलो तेव्हा गर्दी अजिबात नव्हती.

पांढरा कांदा घ्यायचा तर रस्त्याकडेला बायका वेण्या टांगून बसतात त्यांच्याकडूनच घ्या. 2022 मध्ये त्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, त्यामुळे त्या नावावर काहीही खपवतात. आकाराने लहान, चपटा, चवीला गोडसर तो खरा. एक कापून दाखवा म्हणा, दाखवतात.