डोळ्यांतून रंकाळा
दुबईहून आलेल्या दाजींनी काल गच्चीवर सिगार हातात ठेवली. क्युबाची कोहिबा रोबुस्टो! अंगठ्याएवढी जाड, १२४ मिलिमीटर लांब. मी सिगारेट ओढायला शिकून सहा महिने झालेत. सवयीनं पहिलाच झुरका छातीत ओढला आणि डोळ्यांतून रंकाळा वाहू लागला. "अरं, गिळायचा न्हाई, तोंडात घोळवायचा!" दाजी हसून बेजार. मग जमलं. आधी लाकडाचा वास, मग कोको, मधेच मिरीचा चटका. राख बोटभर झाली तरी पडता पडेना. (लहानपणी निपाणीत तंबाखूच्या वखारीपाशी यायचा तो वास काही सापडला नाही.) पाऊण तासानं डोकं गरगरलं, पोटात ढवळलं, अर्धी तशीच ठेवून दिली. खालून आईचा आवाज, "काय जळतंय रं वर?" तांबडा रस्सा दोन वाट्या प्यालो, तेव्हा कुठं माणसात आलो.