जॉर्ज टाउनमधील पायपीट

क्रूझ सकाळी मलेशियातल्या पेनांग बेटाच्या धक्क्याला लागली आणि बसची सहल टाळून आम्ही दोघे जॉर्ज टाउनमध्ये पायीच निघालो. १७८६ मध्ये इंग्रजांनी वसवलेल्या या शहरात जुन्या दुकानांपुढे सुमारे पाच फूट रुंदीची छपराखालची वाट असते. ऊन आणि पाऊस दोन्हींपासून वाचवणारी ही सोय मला कॉर्नवॉलिस किल्ल्यापेक्षाही मोलाची वाटली, जरी मध्येच कुणाची स्कूटर उभी असल्याने वारंवार रस्त्यावर उतरावे लागत होते. मरिअम्मन मंदिर आणि कपितान केलिंग मशीद धावतीच पाहिली. च्यू जेटीवर मात्र आम्ही रेंगाळलो: समुद्रात रोवलेल्या खांबांवरची लाकडी घरे, दारातले देव्हारे, फळ्यांखाली हलणारे पाणी. परतताना सदरा घामाने चिंब झाला होता, तरी जायफळाच्या थंडगार सरबतासाठी दोनदा थांबलो.