एकोणतिसाव्या दिवसाचा खांब

सकाळी साडेनऊला फोन आला तेव्हा मी अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक जुळवत होते. अंक दुसऱ्या दिवशी दुपारी छपाईला जाणार होता. फोन आमच्या तपासनीस मुलीचा. पहिल्या वर्षाला होती, माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

"ताई, जरा खाली येतेस? दुसऱ्या आकृतीत काहीतरी आहे. चूक आहे असं नाही म्हणत मी. पण काहीतरी आहे."

सार्वजनिक धोरण आणि लोकप्रशासनाचे पदव्युत्तर विद्यार्थी मिळून आम्ही एक वार्षिक चालवत होतो. लेख मागवणं, लेखकाचं नाव झाकून ते परीक्षकांकडे पाठवणं, आलेले शेरे लेखकाला कळवणं, सुधारित मसुदा पुन्हा वाचणं, भाषा तपासणं, पानं लावणं, सगळं विद्यार्थीच करायचे. प्राध्यापकांपैकी एक मॅडम सल्लागार होत्या, पण निर्णय आमचे. मी त्या वर्षी कार्यकारी संपादक होते. दर वर्षी अर्धं मंडळ पदवी घेऊन निघून जातं आणि नवीन मुलं येतात. त्यामुळे मागच्यांनी काय शिकलं ते पुढच्यांपर्यंत पोचवायला आमच्याकडे एक जाड वही होती. त्या वहीत पूर्वीच्या कुणीतरी एक नियम लिहून ठेवला होता: आकडेवारीवर लेख असेल तर लेखकाकडून मूळ फाइल घ्यायची आणि स्वीकारलेल्या लेखातला प्रत्येक आकडा तिच्याशी ताडून बघायचा. तपासनिसाचं काम ते हेच. मंडळातलं सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणून ते नेहमी नव्या मुलांच्या गळ्यात पडायचं, आणि हे मला आजही चुकीचं वाटतं.

ज्या लेखाबद्दल फोन होता तो आमचा मुखलेख होता. एका कार्यालयात सामाजिक सहाय्याच्या अर्जांवर 30 दिवसांत निर्णय द्यायचं बंधन आलं होतं. आमच्याच विभागातल्या एका मित्राने मुदत येण्याआधीच्या आणि नंतरच्या एकेका वर्षाच्या नोंदी, नावं काढून टाकलेल्या, मिळवल्या होत्या. मुदत आल्यावर अर्ज निकाली निघायला लागणारे सरासरी दिवस निम्म्याहून कमी झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. मांडणी नेटकी, भाषा स्वच्छ. दोन्ही परीक्षकांनी भरभरून लिहिलं होतं. एकाने फक्त एवढंच सुचवलं होतं की नुसती सरासरी देऊ नका, कितव्या दिवशी किती अर्ज निकाली निघाले त्याची आकृतीही द्या. लेखकाने ती शेवटच्या सुधारणेत घातली. म्हणजे ही आकृती परीक्षकांनी पाहिलेलीच नव्हती. मी पाहिली होती, पण रेषा सरळ आहेत ना, अक्षरं वाचता येतात ना, एवढ्यापुरतीच.

खाली गेले तर तिने आकृती पडदाभर मोठी करून ठेवली होती. पहिल्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंत ठेंगणे खांब, आणि 29 वर एक खांब इतका उंच की बाकीचे त्याच्या पायाशी बसल्यासारखे दिसत होते.

"मुदत 30 ची आहे, मग मुदतीच्या तोंडावर कामं उरकणारच की," मी म्हणाले.

"मलाही तेच वाटलं. मग मी त्या खांबातल्या ओळी उघडल्या."

फाइलमध्ये 'निर्णय' नावाचा रकाना होता. त्यात तीन नोंदी येत होत्या: मंजूर, नामंजूर, त्रुटीसह परत. एकोणतिसाव्या दिवसाच्या खांबात खाली जावं तसं एकच नोंद दिसत राहिली. त्रुटीसह परत. त्रुटीसह परत. त्रुटीसह परत. आणि लेखात या तिन्ही प्रकारांची बेरीज 'निकाली' म्हणून धरली होती.

मग तिने एक ओळ दाखवली. अर्जदाराचं वय 67, कुटुंबात माणसं 2, प्रभाग 14, शेरा 'कागदपत्रे अपुरी', निर्णय 29 व्या दिवशी. त्यानंतर 3 दिवसांनी नव्या आवक क्रमांकाने आलेला अर्ज: वय 67, माणसं 2, प्रभाग 14. तोही 29 व्या दिवशी परत. पुढे 4 दिवसांनी तिसरा आवक क्रमांक, तेच वय, तोच प्रभाग, आणि हा अर्ज सहाव्या दिवशी मंजूर. नोंदवहीत तीन अर्ज, तिन्ही मुदतीच्या आत, सरासरी 21 दिवसांच्या आसपास. माणूस जर एकच असेल तर तो थांबला होता 71 दिवस.

'जर' महत्त्वाचं होतं. नावं नव्हती, त्यामुळे योगायोगही असू शकला असता. पण तासाभरात आम्हाला अशा इतक्या जोड्या आणि त्रिकुटं सापडली की आम्ही मोजायचं थांबवलं.

आमच्या अभ्यासक्रमात हे सगळं शिकवलेलं होतं, हे मला त्या दिवशी फार लागलं. एखाद्या आकड्यावर निर्णय अवलंबून ठेवले की तो आकडा वाकवला जाऊ लागतो आणि जे मोजायचं तेही त्यामुळे बिघडतं, हे समाजविज्ञानाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकात मांडलं होतं. आम्ही परीक्षेत त्यावर उत्तरं लिहिली होती. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांचं उदाहरणही वर्गात झालं होतं. तिथे आपत्कालीन विभागातल्या रुग्णाला 4 तासांच्या आत मार्गी लावायचं लक्ष्य ठरलं, आणि 4 तास भरायच्या जेमतेम आधी विभागातून हलवलेल्या रुग्णांची संख्या आलेखात एकदम उसळलेली दिसायला लागली. तो आलेख मी वहीत काढून घेतला होता. तसाच खांब माझ्या स्वतःच्या अंकात उभा होता आणि मी त्याच्या अक्षरांचा आकार तपासून पुढे गेले होते.

मुख्य संपादक अकराला आला. त्याने शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाला, "दोन परीक्षकांनी मान्य केलेला लेख आदल्या दिवशी थांबवणारे आपण कोण? विद्यार्थी आहोत आपण."

प्रश्न खोटा नव्हता. अमेरिकेत कायद्याच्या बहुतेक विद्यापीठीय नियतकालिकांत विद्यार्थी संपादकच ठरवतात काय छापायचं. हार्वर्डच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांचं नियतकालिक 1887 पासून तसंच चालत आलंय. योगायोग असा की पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या वुड्रो विल्सन यांच्या ज्या निबंधापासून लोकप्रशासन हा स्वतंत्र विषय मोजायची पद्धत आहे, तोही 1887 चाच. पण आमच्या विषयात शेवटचा शब्द जाणत्या परीक्षकांचा मानतात, आणि त्यांच्या पुढे जाताना विद्यार्थ्याचा पाय अडखळतो.

तपासनीस मुलगी मात्र अडखळली नाही. तिने संख्याशास्त्राच्या तासाला झालेलं थॉमस हर्नडन यांचं प्रकरण काढलं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये दाखवलं होतं की सरकारी कर्ज देशाच्या एकूण उत्पादनाच्या (जीडीपीच्या) 90 टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे 0.1 टक्के होते. देशोदेशीच्या काटकसरीच्या धोरणांना त्या आकड्याचा आधार दिला गेला. हर्नडन तेव्हा विद्यार्थी होते. वर्गात दिलेलं काम म्हणून ते हाच आकडा पुन्हा काढायला बसले आणि तो काही केल्या येईना. त्यांनी मूळ लेखकांकडे फाइल मागितली, त्यांनी ती दिली, आणि त्या फाइलीत सरासरीच्या सूत्राबाहेर राहून गेलेल्या पाच देशांच्या ओळी दिसल्या. काही वर्षांची आकडेवारी वगळणं आणि देशांना वजन देण्याची रीत यांचाही फरक पडला होता. सगळं धरून 2013 मध्ये आलेला आकडा होता अधिक 2.2 टक्के.

"त्यांनी फाइल दिली म्हणून सापडलं," ती म्हणाली. "आपल्या लेखकानेही दिलीय. मग ती उघडून बघायचीच नसेल तर मागतो कशाला आपण?"

सल्लागार मॅडमकडे गेलो तर त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "लेखकाला विचारलंत का?"

आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो. दुपारचा एक वाजला होता. सकाळपासून आम्ही त्याच्या लेखाचा निकाल लावत होतो आणि त्याला कुणी साधा फोनही केला नव्हता.

तो तीनला आला, आनंदात. मुखलेख झाल्याचं त्याने घरी कळवलेलं होतं, आणि पीएच.डी.च्या अर्जात या लेखाचं नावही घातलं होतं. मी शक्य तितकं सरळ सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, मग तापला.

"मी खोटं कुठे लिहिलंय? कार्यालयाच्या व्याख्येत परत केलेला अर्ज निकालीच असतो. मी त्यांचीच व्याख्या वापरलीय, तळटीप 6 मध्ये तसं दिलंयही."

दिलं होतं. तळटीप 6 मध्ये एका ओळीत. आणि त्याचं म्हणणं त्या दिवसभरातलं सगळ्यात अवघड होतं, कारण त्याने काहीच लपवलं नव्हतं. प्रशासनात 'निकाली' म्हणजे टेबलावरून गेलेलं. खिडकीबाहेर उभ्या माणसाच्या लेखी 'निकाली' म्हणजे होय किंवा नाही असं कळलेलं. त्याच्या निष्कर्षात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले होते, आणि शीर्षकात तर दुसराच अर्थ बोलत होता: नागरिकांचा थांबण्याचा वेळ कमी झाला.

तपासनीस मुलीने काही न बोलता लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. तीन ओळी पिवळ्या केल्या होत्या. वय 67, प्रभाग 14. त्याने त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, बोटाने पडद्यावर तारखा मोजल्या. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "तिथला लिपिक मला म्हणाला होता. 'त्रुटी काढली की फाइल आमच्याकडून गेली.' मी डायरीत लिहून ठेवलंय ते."

"मग लेखात का नाही?"

"आकडेवारीचा लेख होता. गप्पांमधलं वाक्य कुठे घालणार?"

डायरी त्याच्याजवळच होती. त्या पानावर आणखी एक गोष्ट होती. मुदत आली पण टेबलाला माणूस वाढवून मिळाला नव्हता. दोघांचं काम एकच लिपिक बघत होता, आणि मुदत ओलांडली की खुलासा त्यालाच द्यावा लागायचा. राज्यशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक मायकेल लिप्स्की यांनी 1980 मध्ये मांडलं होतं की धोरण प्रत्यक्षात घडतं ते खिडकीवरच्या कर्मचाऱ्याच्या हातून, आणि आवाक्याबाहेरच्या कामाशी जुळवून घेताना तो ज्या वाटा काढतो त्याच लोकांच्या वाट्याला धोरण म्हणून येतात. लेखाच्या प्रस्तावनेत लिप्स्कींचा दाखला होताच. त्या लिपिकाला दोषी ठरवायचं कुणाच्याच मनात आलं नाही, आणि ते पान वाचल्यावर येणंही शक्य नव्हतं.

मुख्य संपादकाचं मत होतं की तळटीप वाढवून लेख छापावा. मी विरोध केला. ज्या तळटिपीने शीर्षकच खोटं पडतं ती पानाच्या तळाशी कशी ठेवायची? शिवाय त्या ओळी एकाच माणसाच्या आहेत का, हे कार्यालयातून पक्कं करून घ्यायचं बाकी होतं. एका रात्रीत ते होणार नव्हतं. आमची वादावादी बराच वेळ चालली आणि थोडी कडूही झाली. शेवटी लेखकच उठला. कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या, की या अंकातून लेख मागे घेत आहे, पडताळणी करून पुन्हा पाठवीन. खाली सही केली आणि कागद माझ्याकडे देऊन निघून गेला. दाराशी थांबून तपासनीस मुलीला एवढंच म्हणाला, "ती पिवळी केलेली फाइल मला पाठव."

ती रात्र कामाची होती. चौथ्या क्रमांकाचं धोरण-टिपण मुखलेख झालं, अनुक्रमणिका पुन्हा लावली, सगळे पृष्ठक्रमांक बदलले. संपादकीय माझं होतं. त्यात एक वाक्य होतं, कालमर्यादेमुळे सामान्य अर्जदाराचे हेलपाटे वाचतात, असं. महिनाभरापूर्वी मी ते फार मनापासून लिहिलं होतं. ते खोडलं आणि त्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून परिच्छेदच काढला. दोनच्या सुमारास फाइल बंद केली. अंक ठरल्या वेळी गेला.

वहीत तपासणीच्या पानावर आम्ही दोन गोष्टी वाढवल्या. परीक्षणानंतर घातलेली प्रत्येक आकृती परीक्षकाकडे परत पाठवायची. आणि तपासनिसाच्या कामाला दोन जण, त्यातला एक दुसऱ्या वर्षाचा.

पाच आठवड्यांनी त्याचा मेल आला. मजकूर काहीच नव्हता, फक्त फाइल जोडलेली. कार्यालयात पुन्हा जाऊन, बसून, त्याने त्रुटीसह परत गेलेले अर्ज नंतरच्या अर्जांशी जुळवून घेतले होते. दोन नवे रकाने होते: 'आधीचा आवक क्रमांक' आणि 'पहिल्या अर्जापासून दिवस'. मी ती फाइल तपासनीस मुलीसोबत उघडली. दुसऱ्या रकान्याप्रमाणे ओळी उतरत्या क्रमाने लावल्या आणि वय 67, प्रभाग 14 शोधायला लागलो. 71 दिवसांची ती ओळ पहिल्या पडद्यावर नव्हती. खाली, खाली जात राहिलो.