फ्रीझचा माग: डिस्क राबवली की चालते, निवांत सोडली की गोठते

माझा लिनक्सवरचा डेस्कटॉप अधूनमधून गोठतो, त्याच्या शोधाची ही पुढची नोंद. शेवटी कर्नल (लिनक्सचा गाभा) बोलला! मागच्या नोंदीपर्यंत रॅम निर्दोष सुटली होती, ग्राफिक्स कार्डही काढून झालं होतं आणि संशय एसएसडीवर येऊन थांबला होता. लक्षणं तीच: माउस फिरतो, चालू गाणं वाजत राहतं, पण एखादी फाइल उघडायला गेलं की सगळं जागच्या जागी. कधी अर्ध्या मिनिटाने आपोआप सुटतं, कधी रीसेटचं बटण दाबण्यावाचून इलाज नाही.

घोडं अडलं होतं लॉगपाशी. रीबूटनंतर जर्नल, म्हणजे सिस्टीमचा लॉग, उघडावं तर फ्रीझच्या वेळेचं काहीच नाही. असणार कुठून? जी डिस्क गप्प झाली तिच्यावरच लॉग लिहायचा ना. फ्रीझ झाल्यावर दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरावं तर लॉगिनलाही डिस्क वाचावी लागते. म्हणून जुन्या लॅपटॉपवरून सेशन आधीच उघडून ठेवलं, त्यात डीमेसेज (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) फॉलो मोडमध्ये सोडला आणि जोडीला नेटकन्सोल लावला, म्हणजे कर्नलचे मेसेज नेटवर्कवरून (यूडीपीने) थेट लॅपटॉपवर. (नेटकन्सोलला वायरचं नेटवर्कच द्या, वायफायच्या नादी लागू नका.)

पुढच्याच फ्रीझला ओळी पडल्या: 'एक्सेप्शन ईमास्क', शेवटी 'फ्रोझन', खाली 'फेल्ड कमांड: राइट एफपीडीएमए क्यूड', म्हणजे लिहिण्याची कमांड अडकली, मग 'हार्ड रीसेटिंग लिंक'. लिंक म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डमधलं साटा कनेक्शन. ते अर्धं मिनिट म्हणजे कर्नलचा ३० सेकंदांचा कमांड टाइमआउट. तेवढा वेळ उत्तराची वाट बघून तो लिंक रीसेट करतो. रीसेट लागू पडला तर मशीन सुटतं, नाहीतर 'कॉमरीसेट फेल्ड' आणि रूट पार्टिशन रीड-ओन्ली. विंडोजवाल्यांनी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ शोधावा, सोर्स स्टोरएएचसीआय. तिथे हाच प्रकार 'रीसेट टू डिव्हाइस' म्हणून दिसतो.

इथे कोणीही म्हणेल, केबल. बदलली. क्लिप नसलेल्या केबलींवर माझा तसाही विश्वास नाही. पण स्मार्टचा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९९, म्हणजे केबलवरच्या सीआरसी एररचा आकडा, आधीही शून्य आणि नंतरही शून्य. केबल खराब असती तर तो हलला असता. खराब सेक्टर मोजणारे ५ आणि १९७ही स्वच्छ. रीसेटनंतर लिंक परत ६ गिगाबिटवरच येते, ३ वर घसरत नाही. एनसीक्यू (डिस्कला एकदम अनेक कमांड रांगेत देण्याची सोय) बंद केलं तरी फ्रीझ कायम, फक्त फेल होणारी कमांड आता 'राइट डीएमए एक्स्ट'. कंपनीचं 'हेल्थ' सॉफ्टवेअर या सगळ्यात हिरवी खूण दाखवत बसलं होतं. ते काढून टाकलं; स्मार्टच्या नोंदी थेट वाचणारं स्मार्टसीटीएल असताना त्या शोभेच्या वस्तूची गरजच काय?

आता खरी चीड आणणारा भाग. एफआयओने (डिस्कवर ताण देणारं चाचणीचं टूल) डिस्कला रात्रभर झोडपलं, रँडम राइट, क्यू डेप्थ ३२, म्हणजे एका वेळी ३२ कमांड रांगेत. काही नाही! सकाळी चाचणी थांबवली, मशीन थोडा वेळ तसंच सोडलं आणि नुसता एक टॅब उघडला, तर हँग. म्हणजे संबंध डिस्कशी आहे, लोडशी नाही. लोड असतो तोवर सगळं ठीक चाललेलं असतं. काम नसलं की साटा लिंक झोपते आणि गडबड उठताना होते. स्पेसिफिकेशनप्रमाणे पार्शलमधून, म्हणजे हलक्या झोपेतून, १० मायक्रोसेकंदांत जाग यायला हवी, स्लंबरमधून, म्हणजे गाढ झोपेतून, १० मिलिसेकंदांत. ही बया ३० सेकंदांतही डोळे उघडत नाही.

खात्री करायला एफआयओचाच थिंकटाइम (दोन कामांमधला विराम) कामी आला: छोटा राइट, काही सेकंद गप्प, पुन्हा राइट. फ्रीझ हवा तेव्हा हजर! मशीन हँग झाल्याचा इतका आनंद मला याआधी झाला नव्हता. मग लिंक पॉवर मॅनेजमेंटची पॉलिसी मॅक्स परफॉर्मन्सवर नेली, म्हणजे लिंकला झोपूच दिलं नाही, आणि तीच स्क्रिप्ट रात्रभर सोडली. डीमेसेजमध्ये एकही नवी ओळ नाही.

नवी एसएसडी घ्यायचा बेत तूर्त रद्द. पॉलिसी यूडेव्ह रूलने (डिस्क दिसली की आपोआप लागू होणारा नियम) कायम करून मोकळं व्हायचं ठरवलं होतं, पण हीच डिस्क पुढे लॅपटॉपमध्ये टाकायची आहे. तिथे लिंक सतत जागी ठेवली तर प्रोसेसर खोल सी-स्टेटमध्ये, म्हणजे वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेत, जात नाही आणि बॅटरीची वाट लागते.

हे लिहिता लिहिता सुचलं: मधल्या पॉलिसी तर मी तपासल्याच नाहीत. नुसत्या मीडियम पॉवरमध्ये झोपवण्याचं काम होस्टकडे, म्हणजे कॉम्प्युटरकडे, आणि तेही पार्शलपर्यंतच. 'विथ डीआयपीएम'मध्ये डिस्क स्वतःहूनही लिंक झोपवू शकते. पहिली तगली आणि दुसरी कोसळली, तर दोष डीआयपीएमचा किंवा स्लंबरचा, आणि लॅपटॉपला थोडी तरी बचत मिळेल. त्यामुळे फर्मवेअर अपडेट मुद्दाम पुढे ढकलतोय. ते आधी केलं तर नेमकं कशाने बरं झालं ते कळणार नाही. स्क्रिप्ट आता मीडियम पॉवरवर लावली आहे. कोणाकडे अशीच अधूनमधून गोठणारी डिस्क असेल, तर थिंकटाइम ५ सेकंदांच्या आसपास ठेवून बघा आणि कोणत्या पॉलिसीवर फ्रीझ येतो तेवढं कळवा.