दिवसातून सहा संध्याकाळी

रविवार, रात्र

घामाने चिंब झालेय. मायक्रोफोनमध्ये घरघर येते म्हणून तासभर कूलर बंद ठेवला होता, आणि मे महिन्यातल्या ग्वाल्हेरात कूलर बंद करून गाणं म्हणजे तपश्चर्याच. पण गायले. समुद्रकाठी, लाकडी धक्क्यावर, वीसेक लोकांसमोर. त्यांतला एक कोल्हा होता.

सेकंड लाइफ मला भाचीने लावून दिलं. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅबने उघडलेलं हे आभासी जग. खेळ म्हणावा तर गुण नाहीत, हारजीत नाही. लोक हवं ते रूप घेतात (म्हणून तो कोल्हा), जागा घेतात, घरं बांधतात, मनात आलं की उडतात. पहिले काही दिवस मी नुसती उडत होते. जमिनीचा एकेक तुकडा २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद, तो ओलांडला की दुसऱ्याचं राज्य सुरू. इकडे बर्फ, तिकडे जपानी बाग.

तिथे माझं नाव वेगळं आहे. पूर्वी म्हणे आडनावसुद्धा कंपनीच्या यादीतूनच निवडावं लागायचं. हे मला फारच आवडलं. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'म्हणजे जनकगंजातले का? आजोबा गायचे ते?' आणि मग मान डोलवत, 'त्यांची आलापी काय होती हो!' ख्यालगायक हद्दू-हस्सू खाँसाहेबांच्या या गावात भाजीवालाही तान मोजतो. घरच्या गणपतीपुढे मी आरतीपलीकडे कधी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ते आजोबांच्या शेजारी ठेवून ऐकलं गेलं असतं.

नाव लपवण्यात जी मोकळीक आहे ती वाटेल ते बोलायची, असं बरेच जण धरून चालतात. तसलेही येतात. परवा एकाने धक्क्यावर रणगाडे ओतले. मालकाने त्याला हाकललं आणि दार कायमचं बंद केलं, झालं. आणि लपणं तरी कुणापासून? कंपनीला माझा इमेल ठाऊक आहे, कुठून आत येते तेही कळतं. मी लपलेय ती फक्त आजोबांच्या श्रोत्यांपासून. तेवढं पुरतं मला. गळा माझाच आहे, साठीचा, जरा घोगरा. तो बदलावासा वाटलाच नाही.

दादही गमतीची. आवाज दुसऱ्या सर्व्हरवरून फिरून जातो, म्हणून ऐकणाऱ्यांपर्यंत काही सेकंद उशिरा पोचतो. मी अंतऱ्यात शिरलेली असते तेव्हा पडद्यावर मुखड्याच्या टाळ्या टाइप होऊन येतात. समेवर मान डोलवणारं समोर कुणी नाही. आधी फार चुकल्यासारखं व्हायचं. आता बरं वाटतं, गाताना कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचंच नसतं.

खरी पंचाईत वेळेची. तिथला दिवस चार तासांचा, तीन तास ऊन आणि एक तास रात्र. म्हणजे आपल्या एका दिवसात सहा संध्याकाळी! शिवाय घड्याळ कॅलिफोर्नियाचं. आमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिथे सकाळचे साडेआठ, आणि पडद्यावर सूर्य बुडतोय. राग कुणाच्या वेळेचा गायचा? आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी तंबोरा गवसणीत घातला असता. मी पडद्यावरच्या सूर्याचं ऐकलं आणि संध्याकाळचा यमन घेतला.

कोल्ह्याला हे सगळं समजावून सांगितलं. तो धक्क्याचा मालक निघाला. तो पेशाने काय करतो, बाई आहे की पुरुष, मला ठाऊक नाही. त्यानेही माझं कूळ विचारलं नाही. म्हणाला, जागा माझी आहे, सूर्य हवा तिथे थांबवता येतो, कुठे थांबवू?

पहाटे थांबव म्हटलं. पुढच्या रविवारी भैरव गाणार आहे, रात्री नऊला. आमची खिडकी मात्र घट्ट लावून घ्यावी लागेल. शेजारच्या काकू आजोबांकडेच शिकलेल्या, आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत.